दोन खोल्यांमधला आवाज: भिंतीला हात लावण्याआधी

तुमची अडचण मला समजली ती अशी. बेळगावच्या शहापुरातलं जुनं, मातीच्या भिंतींचं कौलारू घर. वाटणीत एका मोठ्या खोलीच्या दोन झाल्या, मधे साडेचार इंची विटेची भिंत आणि तिच्यात एक दार. सोप्याकडच्या, म्हणजे पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि स्पीकर, आतल्या खोलीत माईक. भजनी मंडळांचे अभंग रेकॉर्ड करता, म्हणजे गळा, पेटी, पखवाज आणि टाळ. स्पीकर चालू असला की त्याचा आवाज माईकमध्ये जातो, आणि त्यात भर म्हणजे स्वयंपाकघरातला कुकर, शेजारचे यंत्रमाग. भिंतीला फोम चिकटवून झाला, काडीचा फरक पडला नाही. आता सुतार म्हणतोय, पट्ट्या मारून मधे थर्माकोल भरू आणि वरून प्लाय ठोकू. ते करावं का, हा तुमचा प्रश्न.

करू नका. तो पैसा वाया जाईल, आणि काही आवाज आत्तापेक्षा जास्तच येतील. का ते पुढे सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट वेगळी काढू या, कारण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत.

स्पीकरचा आवाज माईकमध्ये येतो, हा पहिला. याला एक रुपयाही लागत नाही. टेक, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, चालू असताना स्पीकर बंद ठेवा, तुम्ही बंद कपांचा हेडफोन लावा, आणि ट्रॅकवर गायचं असेल तर गाणाऱ्यालाही तसाच द्या. अनेक जण हे ऐकून नाराज होतात, कारण स्पीकरवर ऐकत रेकॉर्ड करण्यात एक सुख आहे आणि माईक कुठे ठेवायचा हे स्पीकरवरच नीट कळतं. ते खरं आहे. मग माईक लावताना स्पीकर ऐका, जागा ठरली की बंद करा. टेक संपला की मंडळाला बाहेर बोलावून स्पीकरवर ऐकवा. दुसरा प्रश्न घरातल्या आणि बाहेरच्या आवाजाचा. तो हेडफोनने सुटत नाही आणि बांधकाम लागतं ते त्याच्यासाठी. आधी हेडफोनवर काम करून बघा. तेवढ्यावर भागलं तर पुढचं सगळं सोडून दिलंत तरी चालेल, हे मनापासून सांगतो.

नाही भागलं, तर किती आवाज अडवायचा आहे ते आधी ठरवू. आवाजाचं माप डेसिबल. स्पीकर नेहमीच्या जोरात म्हणजे ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास वाजतात. गळा रेकॉर्ड करताना आतल्या खोलीतला बाहेरचा आवाज ३० डेसिबलच्या खाली असावा. म्हणजे मधे ५० ते ५५ डेसिबलची अडवणूक हवी. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटेची भिंत साधारण ४२ ते ४५ देते. म्हणजे तुमची भिंत मुळात वाईट नाही. गुन्हेगार ती नाही, तिच्या आजूबाजूचं आहे.

आकड्यांत बघा. भिंत १२ फूट रुंद, ९ फूट उंच धरा. दार त्यातली सहाव्या भागाएवढी जागा खातं. बाजारातलं पोकळ फ्लश डोअर, खाली बोटभर फट, म्हणजे २० डेसिबलच्या वर काही अडत नाही. भिंत ४५ ची आणि दार २० चं असेल, तर दोघं मिळून होतात २७-२८. आता सुताराला भरपूर पैसे देऊन भिंत ६० ची करा. एकूण किती? तेच, २७-२८. कारण आवाज भिंतीतून जातच नव्हता, दारातून जात होता. उलट भिंत जशी आहे तशी ठेवून फक्त दार भरीव केलंत, चारी बाजूंनी रबर लावून ३० पर्यंत नेलंत, तर एकूण ३७ च्या आसपास पोचता. १० डेसिबल कमी म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो.

फटीचं गणित याहून कठोर आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा असला, तरी भिंत कितीही जाड असू दे, एकूण अडवणूक २० च्या पुढे जात नाही. पाण्याच्या टाकीला भोक असेल तर टाकीची जाडी वाढवून पाणी थांबत नाही, तसंच हे.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी एक संध्याकाळ शोधात घालवा. कुणाला तरी सोप्याच्या खोलीत बसवून नेहमीच्या आवाजात पेपर वाचायला सांगा, तुम्ही दार लावून आत शांत बसा. शब्द कळतात का? शब्द म्हणजे स, श, त, क ही व्यंजनं. ती वरच्या पट्टीतली आणि ती फटीतूनच येतात. शब्द कळत असतील तर घरात कुठेतरी हवा जायला वाट आहे. शब्द कळत नाहीत, नुसता घुंगऽघुंग आवाज येतो, तर तो भिंतीतून, जमिनीतून किंवा लाकडातून येतोय. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मग कान भिंतीला लावून, दाराच्या कडेला, स्विचबोर्डाजवळ, कोपऱ्यात, वर माळ्याखाली असं फिरा. रात्री एका खोलीत दिवा लावून दुसरीत अंधार करा, उजेड कुठून येतो ते बघा. उदबत्ती पेटवून कडेने फिरवा, धूर कुठे ओढला जातो ते बघा. अनगोळला एका घरी भिंतीला कान लावला तर शांत, आणि हातभर अंतरावरच्या स्विचबोर्डातून पलीकडचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. दोन्ही खोल्यांचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले, मधे विटेचा पापुद्राही नाही. एक बोर्ड हलवून भोक विटा-सिमेंटने भरून काढलं, आणि बोलणं थांबलं.

तुमच्या घरात मला सगळ्यात जास्त शंका वरच्या बाजूची आहे. जुन्या घरात वाटणीची भिंत बहुतेक वेळा तुळईपर्यंत किंवा माळ्याच्या फळ्यांपर्यंतच असते, आढ्यापर्यंत जात नाही. माळ्याच्या फळ्या दोन्ही खोल्यांवरून सलग गेलेल्या असतात आणि फळ्या सुकून त्यांच्यात फटी पडलेल्या असतात. आवाज एका खोलीतून वर जातो, माळ्यावर पसरतो, दुसऱ्या खोलीत उतरतो. शिडी लावून बॅटरी घेऊन एकदा वर चढा. भिंत कुठे संपते ते डोळ्यांनी बघा. तुम्ही लिहिलंय की वाजवताना वरून माती पडते. म्हणजे वर वाट मोकळी आहे, असं मी जवळजवळ धरूनच चालतो.

यावर नुसती भिंत वर नेऊन भागत नाही. मंगळूरी कौलं एकमेकांवर बसवलेली असतात, बंद केलेली नसतात. आवाज कौलांतून बाहेर जाऊन पलीकडे परत आत येतो, आणि रस्त्यावरचा हॉर्न तर थेटच आत उतरतो. त्यामुळे आतल्या खोलीला तिचं स्वतःचं छत हवं. १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे, आणि त्यांच्या वर ५० मिलिमीटरचं रॉकवुल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी. इथे वजनाचा हिशेब आधी करा. दोन थर म्हणजे चौरस मीटरला १८ ते २० किलो. १० बाय १२ फुटांच्या खोलीला नुसते बोर्डच २०० किलोंच्या वर जातात, सांगाडा वेगळा. जुन्या वाशांना किंवा तुळईला हे वजन टांगू नका. एक तर लाकूड आतून वाळवीने पोखरलेलं असू शकतं, आणि दुसरं म्हणजे टांगलं की छपराची थरथर छतात उतरते. खोलीच्या आत उभे चॅनेल टाका आणि छताचं वजन त्यांच्यावर घ्या. सांगाडा लाकडाऐवजी जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा घ्या. मातीच्या भिंतीच्या घरात नवं लाकूड लावणं म्हणजे वाळवीला आमंत्रण.

आता दार. तुमच्या जमेची एक बाजू म्हणजे जुन्या घराला उंबरा असतो. नव्या फ्लॅटमध्ये दाराखालची फट बंद करायला खटाटोप करावा लागतो, तुमच्याकडे दार टेकायला खाली पक्की जागा आहे. ३५ ते ४० मिलिमीटरचं भरीव दार करा, तिन्ही बाजूंना आणि उंबऱ्याच्या पायरीवर फट बंद करणारी रबराची पट्टी (गॅस्केट), आणि दार दाबून घट्ट बसवणारा हँडल. फळ्यांचं जुनं दुपाखी दार देखणं असतं, मलाही ते काढवत नाही, पण त्याच्या फळ्यांच्या सांध्यांतून आणि दोन पाखांच्या मधून आवाज येतो. ते तसंच ठेवायचं असेल तर आतल्या बाजूने दुसरं भरीव दार लावा. दोन दारं आणि मधे वीतभर हवा ही रचना एका जाड दारापेक्षा कितीतरी चांगली चालते. फक्त दोन्ही चौकटी एकमेकींना खिळ्याने जोडू नका.

मग भिंत. थर्माकोल आणि प्लायला मी नाही का म्हणतो ते आता. भिंतीसमोर हलका पत्रा, बोर्ड किंवा प्लाय थोड्या अंतरावर उभा केला की मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका ठरावीक स्वरावर ती पूर्ण जोडी डोलायला लागते. त्या स्वराला भिंत आवाज अडवत नाही, उलट जास्त जाऊ देते. १२ मिलिमीटरचा प्लाय आणि एक इंचाची हवा असेल तर हा स्वर १४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४० कंपनांच्या जवळ येतो. पुरुषाचा खालच्या पट्टीतला गळा नेमका तिथे आहे, पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा त्याच्या खाली लागून. थर्माकोल ताठ असल्यामुळे हा स्वर आणखी वर सरकतो. त्याला वजन नाही, हवा आत-बाहेर जाऊ देत नाही म्हणून तो आवाज जिरवतही नाही. आणि वायरिंगच्या शेजारी ठेवला तर तो पेटतो. स्वस्त फोमचंही तेच, म्हणून वायरिंगच्या बोर्डाजवळचा फोम आजच काढून टाका.

तीच जागा नीट वापरायची तर असं करा. जुन्या भिंतीपासून इंचभर सुटा, तिला कुठेही न टेकणारा जीआय चॅनेलचा सांगाडा, खाली-वर आणि कडेला रबराची पट्टी. आत घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवुल, दाबून न कोंबता. वर जिप्समचे दोन थर, पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला ३५ मिलिमीटरचे स्क्रू. दोन थर आणि सांगाड्याची जाडी धरून चार इंच हवा मिळाली की तो डोलणारा स्वर ४० हर्ट्झच्या जवळ उतरतो. तिथे तुमच्या कामाचं फारसं काही नाही. हे एकाच बाजूला करा, माईकच्या खोलीत. दोन्ही बाजूंनी बोर्ड मारायचा मोह होतो, पण मधे विटेची भिंत आणि दोन्हीकडे पातळ पोकळ्या असं झालं की खालचे स्वर पुन्हा निसटतात. सगळ्या कडा अॅक्रिलिक सीलंटने भरा. पीओपी किंवा पुट्टीने भरलेल्या कडा वर्षभरात तडकतात आणि तडकलेली कड म्हणजे पुन्हा फट. दुकानात रॉकवुल मागितलं की बऱ्याचदा ग्लासवुलची पातळ गुंडाळी पुढे केली जाते. घनता विचारून घ्या, मिळत नसेल तर कोल्हापूर किंवा हुबळीहून मागवा.

कुणी दुसरी विटेची भिंत बांधायला सांगेल. आवाजासाठी तो उत्तम उपाय आहे, दोन-तीन इंच हवा सोडून बांधलेली दुसरी भिंत बोर्डापेक्षा सरसच. पण १२ फूट लांब, ९ फूट उंच अशी गिलाव्यासकट भिंत अडीच टनांच्या आसपास जाते. खाली पाया नसेल, नुसत्या शहाबादी फरशीवर उभी करणार असाल, तर ती खचते. माळ्यावरच्या खोलीत तर विचारच करू नका. गवंडी हो म्हणेल, तरी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात घालू नका.

दोन खोल्यांमधे काच हवी का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. भजनात गायक, पेटीवाला आणि पखवाजी एकाच खोलीत समोरासमोर बसतात, नजरानजर त्यांच्यात हवी असते. तुम्ही बाहेर एकटे. तुम्हाला बघायला एक साधा कॅमेरा आणि जुनी स्क्रीन पुरेशी आहे. बंद भिंतीत भोक पाडून मग ते बंद करत बसण्यात शहाणपण नाही. काच घ्यायचीच असेल तर दोन वेगळ्या जाडीच्या लॅमिनेटेड काचा, ६ आणि १० मिलिमीटर, वेगवेगळ्या चौकटींत. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच स्वराला एकदम कमजोर पडतात.

शेजारच्या मागांचं वेगळं आहे. शहापूर, वडगाव, खासबाग भागात काम करताना हा प्रश्न हमखास येतो. यंत्रमागाचा खटका हवेतून थोडा आणि जमिनीतून जास्त येतो. तुम्ही सगळी खोली बंद केलीत तरी फरशीतून माईक स्टँडमध्ये चढतो. स्टँडखाली जाड रबर, किंवा दोन पदरी प्लायचा लहान चौथरा घट्ट रॉकवुलच्या पट्ट्यांवर ठेवून त्यावर माईक, हे करून बघा. पखवाजी आणि तबलजीलाही असाच चौथरा द्या, म्हणजे त्यांची थाप फरशीतून गायकाच्या माईकमध्ये जाणार नाही. गळ्याच्या माईकवर ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर लावा. पखवाजाच्या माईकवर लावू नका, त्याचा जीवच तिथे आहे. तरीही खटका राहिलाच तर माग बंद असतात त्या वेळा शेजाऱ्यांना विचारून घ्या. छोट्या खोलीत फरशी उखडून तरंगती, म्हणजे मूळ जमिनीपासून सुटी जमीन करण्याएवढा खर्च मी तुमच्या जागी करणार नाही.

वायरी नेण्यासाठी भोक पाडाल तेव्हा सरळ आरपार पाडू नका. पाइप वाकडा टाका, केबल ओढून झाल्या की दोन्ही टोकांना रॉकवुल कोंबून सीलंट भरा. आणि हवेचं विसरू नका. फटी बंद केल्या की खोलीत हवा यायची बंद होते. पाच-सहा माणसं तासभर गायली की गुदमरायला होतं. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करतो, नवी हवा आणत नाही. आतून रॉकवुल आणि कापड लावलेली, दोन वळणांची, चांगली रुंद लाकडी पेटी करा आणि पंखा तिच्या दूरच्या टोकाला बसवा. पेटी अरुंद केलीत तर हवेचाच सुस्कारा माईकमध्ये येईल. ते जमेपर्यंत प्रत्येक टेकनंतर दोन्ही दारं उघडा.

हे सगळं एकदम करायचं नाही. आधी हेडफोन. मग स्विचबोर्ड, पाइपांची भोकं, कडा अशा फुटकळ फटी. मग दार. मग छत. भिंतीचा बोर्ड सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर पेपर वाचण्याची तीच चाचणी पुन्हा करा, आणि जिथे काम भागतं तिथे थांबा. घर भाड्याचं असेल तर दार आणि फटी एवढंच करा. छताचा पैसा भाड्याच्या जागेत घालू नये. भावाच्या वाटणीत माळा येत असेल तर छताचं काम काढण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या, कारण माळ्यावर जायची त्याची वाट तुमच्या छतामुळे बंद होऊ शकते.

खोली बंद झाली की आतला आवाज बदलेल. आत्ता खालचे स्वर छपरातून निसटून जातात, मग ते आतच फिरतील आणि कोपऱ्यांत साचतील. कोपऱ्यांत चार इंच जाडीचे रॉकवुलचे कापडात गुंडाळलेले पॅनेल उभे करा, खाली जाजम टाका, टाळांचा चरचरीतपणा जाजमाने आणि गोधड्यांनीही बराच उतरतो.

कामाला कधी हात घालायचा, तर कौलं परतून झाल्यावर. जिप्सम बोर्डावर एक गळती लागली की तो फुगतो आणि काढूनच टाकावा लागतो. मे महिन्यात कौलं चाळून, फुटकी बदलून घ्या, पण छत लगेच करू नका. एक पावसाळा जाऊ द्या. जुलैच्या झडीत कुठे थेंब पडतो, मातीच्या भिंतीला ओल कुठपर्यंत चढते, हे बघून खूण करून ठेवा. त्या जागी बोर्ड भिंतीपासून जास्त सुटा ठेवावा लागेल आणि मागे प्लास्टिकचा कागद लावायचा नाही, नाहीतर ओल आत कोंडून बुरशी धरते. दसरा झाला, भिंती सुकल्या, की छताचं आणि भिंतीचं काम काढा. छतात एका कोपऱ्याला माणूस वर जाईल एवढं झाकण ठेवा, त्यालाही दोन थर आणि रबर लावून, म्हणजे पुढच्या वर्षी कौलं परतायला आलेला माणूस तुमचं छत फोडणार नाही. तोपर्यंत दार आणि फटी उरकून घ्या, त्यांना पावसाची वाट बघायची गरज नाही.